पुसलेलं तेल

सकाळी सहाला चंदननं पिकअपचं जुनं तेल घमेल्यात सोडलं, तेव्हा शालिकराम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. काळी धार बारीक होत गेली, मग थेंब पडू लागले. चंदननं खालूनच हात वर केला.

"बाबा, फडकं."

शालिकरामनं फडकं दिलं. नट खोलायचे पाने त्यानं पहाटेच गोणपाटावर लहानमोठे लावून ठेवले होते. चंदननं मागायचं आणि त्यानं हातात ठेवायचं, हे त्याचं काम. दुसरं काम त्याला उरलं नव्हतं.

खड्डा मूळचा हातमागाचा. याच खड्ड्यात पाय सोडून त्यानं बेचाळीस वर्षं पावड्या दाबल्या. मग लुगडी खपेनाशी झाली, माग भंगारात गेला. चंदननं पुढची भिंत पाडून वर टिनं टाकली, खड्डा हातभर आणखी खोल केला आणि त्यावर गाडी आणून उभी केली. गावात दुसऱ्या कोणाकडं असा खड्डा नव्हता. नागसेन मिस्तरी सुद्धा कधीकधी आपल्या गिऱ्हाइकाची गाडी इथं आणायचा.

"हर्षा, किती वाजले वं?" चंदननं बायकोला विचारलं.

"साडेसहा," हर्षा चुलीपासून म्हणाली. "काहून घाई करून राहिले? चारले तर जायचं हाय."

"चारले तिथं पोचायचं हाय. इथून अडीचले निघा लागते."

शहरापलीकडच्या वाडीतल्या एका गोदामानं चंदनची गाडी औषधांच्या खोक्यांसाठी लावून घेतली होती. रोज संध्याकाळी वाडीत भरायची, पहाटे चंद्रपूरला रिकामी करायची. लकडगंजातल्या लाकडाच्या खेपा होळीपासून बंद होत्या, कारण तिथल्या शेठनं स्वतःचीच गाडी घेतली. दोन महिने पिकअप टिनाखाली उभी होती आणि चंदन घरात येरझारा घालत होता. काल गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला. गाडी सर्व्हिस करून आणा, वेळेवर आणा, आणि आमच्या फरशीवर तेलाचा एक थेंब दिसला तर गाडी गेटाबाहेर. पहिल्या दिवशी उशीर झाला तर दुसरा दिवस नाही.

म्हणून आज तेल बदलायचं होतं आणि तेलाबरोबर फिल्टर.

फिल्टर म्हणजे इंजिनाला खालून फिरवून बसवलेला डब्यासारखा तुकडा, लोट्याएवढा. चंदननं तो हातानं धरला आणि फिरवला. फिरला नाही. फडकं गुंडाळून फिरवला. मग सँडपेपर गुंडाळून. त्याच्या दंडाच्या शिरा वर आल्या, मान लाल झाली.

"हालून नाई राहिला," तो म्हणाला.

शालिकरामनं गोणपाटावरचे पाने पुन्हा ओळीत लावले.

तो का हालत नाही हे त्याला ठाऊक होतं. संक्रांतीपासून ठाऊक होतं.

शालिकराम हाताला लागेल ते वाचायचा. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, गोळ्यांच्या डबीतली चिठ्ठी, भिंतीवरची जाहिरात. बोलणं त्याला कधी जमलं नाही. चारचौघांत त्याचं वाक्य अर्ध्यात राहायचं, आणि घरी आल्यावर ते पूर्ण कसं करायला हवं होतं ते तो रात्रभर घोकायचा. वाचताना मात्र अडायचं काही कारण नव्हतं. संक्रांतीच्या सुमारास त्यानं गाडीसोबत आलेलं हिंदी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकोणसाठाव्या पानावर लिहिलं होतं की नवा फिल्टर बसवण्याआधी त्याच्या रबरी कडीला तेलाचा हात फिरवावा, नाहीतर कडी कोरडी राहून इंजिनाला चिकटते. आणि फिल्टर हातानंच कसावा, जोर लावू नये.

वाचून त्यानं पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर हा फिल्टर बसवला तो नागसेननं. नागसेन आणि चंदन शाळेपासूनचे सोबती. त्या दिवशी नागसेननं नवा फिल्टर खोक्यातून काढला, कडीला बोटानं तेल लावलं आणि काठावर ठेवला. तेवढ्यात हर्षानं चहाला हाक मारली. दोघं आत गेले. शालिकराम एकटा राहिला. नव्या कोऱ्या वस्तूवर तेल चमकत होतं. बेचाळीस वर्षांत त्यानं मागाच्या आसपास तेलाचा थेंब टिकू दिला नव्हता. धोट्याला तेल लागलं की धाग्याला लागतं, धाग्याला लागलं की लुगडं वाया जातं. त्याचा हात आपसूकच खांद्यावरच्या शेल्याकडं गेला आणि त्यानं कडी पुसून काढली. नीट पुसली, आतून, बाहेरून. नागसेन चहा पिऊन आला, चंदनशी काहीतरी हसत बोलता बोलता त्यानं फिल्टर उचलला आणि फिरवून बसवला. "बस, हातानंच," म्हणाला. दोघं गेल्यावर शालिकरामला वाटलं, हातानं बसवलेलं सैल राहील. त्यानं गोणपाट गुंडाळून दोन्ही हातांनी आणखी एक कस दिला. मागावरचा ताणा तो असाच कसायचा.

तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं, आपण काही केलं म्हणून.

"मामाजी, चहा घ्या ना," हर्षा म्हणाली. त्यानं कप घेतला आणि तो हातातच निवला.

आठ वाजता चंदननं जुना कंबरपट्टा फिल्टरभोवती घालून काठीनं पिळला. पट्टा तुटला. साडेआठला त्यानं नागसेनला फोन लावला. शालिकरामनं मान खाली घातली, पण कान बंद करता येत नव्हते.

"अबे, फिल्टर जाम झाला ना. पट्टा पाना घेऊन ये... आता नाई येऊन राहिला? गिऱ्हाईक हाय? अन् हे तूच कसलं होतं ना बे! माही गाडी आज नाई गेली तर?... मंग कोनं कसलं? तुह्या हाताले मापच नाई. टरॅक्टर समजून कसते, साला... नको येऊ. ठेव."

फोन बंद झाला. चंदननं तो गोणपाटावर फेकला.

आता सांगावं, असं शालिकरामच्या मनात आलं. वाक्यही तयार होतं. चंदन, नागसेननं बरोबर कसला होता. एवढंच. पण सांगितल्यावर काय होईल तेही दिसत होतं. पाने चंदन स्वतःच उचलेल. फडकं स्वतःच घेईल. आणि शालिकराम घरात बसेल, हर्षाच्या पायात येत, भिंतीकडं पाहत. त्यानं ओठ उघडले आणि चहाचा निवलेला घोट घेतला.

"असं करा ना," हर्षा दारातून म्हणाली. "नवं तेल टाका अन् जुन्याच डब्यावर जा. एक दिवसानं काय होते?"

तिचं बरोबर होतं. शालिकरामला वाटलं, सुटलो. चंदननं नव्या तेलाच्या कॅनकडं पाहिलं. मग म्हणाला, "काळ्या डब्यात नवं तेल? अन् मागून मॅनेजरनं इचारलं सर्व्हिस केली का, तर खोटं बोलू?" त्यानं पेचकस उचलला. "याले आता दाखोतोच."

"चंदन," शालिकराम म्हणाला.

"काय?"

"नाई. काई नाई."

चंदननं पेचकसाचं टोक फिल्टरच्या पोटावर ठेवलं आणि हातोडीचा घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला टोक आत गेलं आणि उरलेलं काळं तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं पेचकस आरपार केला आणि त्याच्या दांड्याला धरून फिरवायला लागला. टिन कुरकुरलं. मग शिवण उसवावी तसं फाटत गेलं. पेचकस फिरला, फिल्टर जागचा हलला नाही. पोट फाटून लोंबायला लागलं आणि वरची जाड चकती इंजिनाला तशीच घट्ट.

चंदन खड्ड्यात बसला. त्यानं काळ्या हातानं कपाळ पुसलं आणि कपाळ काळं झालं.

आता जुन्यावरही जाता येणार नव्हतं.

"झालं," तो म्हणाला.

टिनं तापली होती. बाहेर अंगणातल्या मातीवर पाय ठेववत नव्हता. चंदन पुन्हा उठून पान्यानं चकतीची कडा धरायला पाहायचा, पाना निसटायचा, बोटं इंजिनावर आदळायची. एका बोटाचं साल निघालं. हर्षानं हळद आणली तर म्हणाला, "जा ना वं तिकडं!" ती गेली नाही. हळद हातात धरून उभी राहिली.

अकराला शालिकराम उठला. डोक्याला शेला बांधला.

"कोठी चालले, मामाजी? ऊन पाहा."

"येतो," तो म्हणाला.

नागसेनचं घर नाल्यापलीकडं, उमरेड रोडच्या कडेला. पुढं त्याचं टायर टांगलेलं गॅरेज, मागं घर. वीस मिनिटांची वाट, पण शालिकरामला अर्धा तास लागला. वाटेत त्यानं वाक्य घोकलं. नागसेन, चूक माही हाय. नागसेन, तू बरोबर कसला होता. कोणतं आधी म्हणावं ते ठरेना. नाल्यात पाणी नव्हतं. पुलाच्या सावलीत दोन गाई बसल्या होत्या. तिथं तो उभा राहिला आणि परत फिरावं की काय असा विचार केला. मग चंदनचं काळं कपाळ आठवलं आणि तो पुढं चालायला लागला.

नागसेन एका मोटरसायकलचं चाक काढत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा चाकाकडं पाहिलं.

"जयभीम, काकाजी. बसा."

बसायला टायर होता. शालिकराम त्यावर बसला. नागसेननं चाक काढलं, बेअरिंग काढलं, पुसलं, ग्रीस भरलं, आणि पुन्हा बसवायला लागला. गिऱ्हाइकाशी बोलला, हसला. शालिकरामकडं पाहिलं नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आतून त्याची आई सिंधूताई आली आणि तिनं थंड पाण्याचा लोटा पुढं केला.

"घ्या भाऊ. एवढ्या उन्हात? पोरानं धाडलं का?"

"नाई. मीच आलो."

तो लोटाभर पाणी प्यायला. गिऱ्हाईक गेलं. नागसेननं हात पुसले.

"त्यानं फोनवर काय म्हनलं मले, माहीत हाय का तुमाले?"

"आयकलं."

"पंधरा वर्सं झाले संगतीनं. तुह्या हाताले माप नाई म्हने. मी दिवसाचे चार फिल्टर लावतो, काकाजी. कोनाचा जाम नाई होत. त्याचाच कसा झाला?"

"मी पुसलं," शालिकराम म्हणाला.

"काय?"

घोकलेलं एकही वाक्य आलं नाही. जे आलं ते तुटक होतं. "तेल. तू कडीले लावलं होतं. तुमी चहाले गेले. मी पुसून टाकलं. शेल्यानं. अन् तुमी गेल्यावर... गोणपाट लावून कसला. मी."

नागसेन त्याच्याकडं पाहत राहिला. सिंधूताईनं तोंडाला पदर लावला. ती हसू दाबत होती की नाही, ते शालिकरामला कळलं नाही आणि पाहायची हिंमत झाली नाही.

"काहून पुसलं?"

"तेल होतं म्हणून."

"अरे बाबा," नागसेन म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "चंदनले माहीत हाय?"

"नाई."

"मंग मले सांगून काय फायदा? शिव्या मले त्यानं देल्या."

"तू चाल. डबा फाटला. चकती राहिली फक्त. त्याले अडीचले निघायचं हाय."

"तुमी आधी त्याले सांगा. मी मंग खड्ड्यात उतरतो."

"नागसेन, म्हातारं मानूस हाय," सिंधूताई म्हणाली. "नोको असं करू."

"आई, तू नोको बोलू. मी काई वाईट नाई सांगून राहिलो." त्यानं छन्नी, हातोडी, पट्टा पाना आणि एक चपटी पट्टी पिशवीत टाकली आणि मोटरसायकल काढली. "बसा, काकाजी. धरून बसा."

टिनाखाली चंदन अजून खड्ड्यातच होता. मोटरसायकलचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली, नागसेनला पाहिलं आणि पुन्हा चकतीकडं वळला. नागसेन टिनाच्या सावलीत आला नाही. बाहेर उन्हात मोटरसायकलला टेकून उभा राहिला, पिशवी हातात धरून. हर्षानं त्याला "या ना भाऊजी," म्हटलं. तो म्हणाला, "थांबतो."

साडेबारा झाले होते.

शालिकराम खड्ड्याच्या काठावर गेला. सकाळच्याच जागी उकिडवा बसला. खाली मुलाची पाठ होती, बनियन घामानं आणि तेलानं पाठीला चिकटलेली. ही पाठ त्यानं चंदनच्या लहानपणी आंघोळ घालताना घासली होती. आता तिच्याशी बोलायचं होतं.

"चंदन."

"पाना नाई पाहिजे."

"पान्याचं नाई. नागसेननं बरोबर कसला होता. कडीचं तेल मी पुसलं. मंग मीच कसला. जोरानं."

चंदनचे हात थांबले. तो वळला नाही.

"कवा?"

"तवाच. दिवाळीनंतर."

"अन् तुमाले कवा समजलं?"

"संक्रांतीले. पुस्तकात वाचलं."

"संक्रांतीले." आता तो वळला. काळ्या चेहऱ्यात डोळे पांढरे दिसत होते. "म्हणजे आज सकाळपासून तुमी पाहून राहिले."

"हो."

"मी नागसेनले शिव्या देल्या तवा?"

"हो."

"मी पेचकस ठोकला तवाही?"

शालिकरामनं मान डोलावली. हर्षा दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि चटकन आत गेली, आणि ते तिचं आत जाणं त्याला जास्त लागलं.

चंदन ओरडेल असं वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सरका तिकडं. उजेड अडून राहिला."

शालिकराम सरकला.

नागसेन टिनाखाली आला, पिशवी काठावर ठेवली आणि काही न बोलता खड्ड्यात उतरला. खड्डा एका माणसापुरता होता. दोघं गुडघे दुमडून एकमेकांना चिकटून बसले. नागसेननं लोंबणारं टिन कापून काढलं, चकतीच्या कडेला छन्नी लावली आणि तिरकस घाव घातला. हळू. फिरायच्या दिशेनं.

"जोरानं मार ना," चंदन म्हणाला.

"इंजिनाची बैठक खराब झाली तर जन्मभर तेल गळन. बॅटरी धर इकडं. हलवू नोको, बे."

ते नेहमीचं 'बे' ऐकून चंदननं बॅटरी नीट धरली.

ठक, ठक, थांबायचं, पाहायचं. पुन्हा ठक. शालिकराम भिंतीला पाठ लावून उभा होता आणि प्रत्येक घावाला त्याचे खांदे उडत होते. एक वाजला. हर्षानं पन्ह्याचे पेले काठावर ठेवले, कोणी घेतले नाहीत. दीड वाजला. छन्नी एकदा निसटली. नागसेननं बैठकीवरून बोट फिरवून पाहिलं आणि "वाचली" म्हटलं, तेव्हा शालिकरामनं भिंतीला पुन्हा पाठ टेकली.

पावणेदोनला करकर आवाज आला.

"हालली!"

दोघांनी मिळून चकती फिरवून काढली. नागसेननं ती उजेडात धरली. रबराची कडी चकतीबरोबर आली नव्हती. ती वर इंजिनालाच चिकटून राहिली होती, कोरडी, भाजल्यासारखी. त्यानं चपटी पट्टी लावून ती तुकड्या-तुकड्यानं खरवडली. तुकडे खाली पडत होते आणि चंदन एकेक तुकडा उचलून पाहत होता. तो बापाकडं पाहत नव्हता.

"भाऊ," चंदन म्हणाला, बैठकीकडं पाहतच. "सकाळचं ते..."

"नवा फिल्टर दे आधी," नागसेन म्हणाला. "माप नसलेल्या हातात दे."

चंदनला हसू आलं. ते त्यानं गिळलं, पण खांदे हलले.

नवा फिल्टर गोणपाटावर होता. शालिकरामच्या पायाशीच. तो उचलायला वाकला.

"बाबा," चंदन म्हणाला. "राहू द्या. आता गाडीले हात लावू नोका."

शालिकराम वाकलेला होता तसाच थांबला. मग सरळ झाला. हर्षानं फिल्टर उचलून दिला.

तेल भरलं, गाडी सुरू केली, नागसेननं खाली बसून पाच मिनिटं बॅटरी मारून तेल गळतं का ते पाहिलं. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चंदननं अंगावर तांब्यानं पाणी ओतलं, शर्ट घातला. कपाळावरचा काळा पट्टा तसाच राहिला. तो नागसेनला म्हणाला, "चाल ना वाडीपर्यंत. रस्त्यात काई झालं तर." नागसेन शेजारी बसला. गाडी अंगणातून बाहेर पडली, नाल्याकडच्या वाटेला लागली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

बापाकडं कोणी पाहिलं नव्हतं. पाहायला वेळही नव्हता.

गोणपाटावर पाने तसेच पडले होते. शालिकरामनं ते उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. पाने म्हणजे गाडी की नाही, हे त्याला ठरवता येईना. तो आत आला, बाहेर गेला. खड्ड्यात उतरून जिथं फिल्टर होता त्याखालची जमीन पाहिली. सगळी सकाळच्या तेलानं काळी. त्यातून काय कळणार. मग त्यानं पुन्हा शेला बांधला आणि गाडी गेली त्या वाटेनं निघाला, कमरेत वाकून, चाकोरीच्या मधल्या धुळीकडं पाहत.

धूळ पांढरी होती. पिठासारखी. तेलाचा थेंब पडला असता तर लांबून दिसला असता. तो दहा पावलं चालायचा, थांबायचा, पायाच्या अंगठ्यानं धूळ हलवून पाहायचा. एका ठिकाणी काळं काही दिसलं. तो खाली बसला. बोट लावलं तर शेळीची लेंडी होती.

डोक्यावर पिशवी घेऊन येणारी एक बाई थांबली. "काय हरपलं गा, बुवा?"

"काई नाई."

"पैसे पडले का?"

"नाई वं. जा तू."

ती मागं वळून पाहत गेली. शालिकराम नाल्यापर्यंत पोचला. पुलावर काही नव्हतं. पुलाच्या पलीकडं काही नव्हतं. मान भाजत होती, पाठीचा मणका दुखत होता. पुढं डांबरी रस्ता लागत होता, आणि डांबरावर किती गाड्यांचं तेल सांडलेलं असतं. तिथं आपल्या गाडीचा थेंब कसा ओळखायचा? तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. काळे डाग दूरपर्यंत होते, लहान, मोठे, जुने, ताजे.

"मामाजी! ओ मामाजी!"

हर्षा नाल्याच्या त्या अंगाला उभी होती, डोक्यावर पदर ओढून, हातात मोबाइल.

"त्यायचा फोन आला! दिघोरी नाका पार केला म्हन्ते! पोचते वेळेवर!"

"तेलाचं काई बोलला का?" त्यानं ओरडून विचारलं. इतक्या मोठ्यानं तो वर्षभरात बोलला नव्हता.

"तेलाचं नाई!" हर्षा पुलावर आली. तिला दम लागला होता आणि ती हसायलाही पाहत होती. "म्हन्ते, बाबा रस्त्यावर थेंब पाहत फिरत असतीन, त्यायले घरात बोलाव. ऊन लागन म्हन्ते."

शालिकरामनं शेल्यानं तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"चाला ना."

"आलोच," तो म्हणाला, आणि डांबरावर चार पावलं पुढं जाऊन वाकला.